पहिल्या हाकेला

रिद्धी तेव्हा दुपारी पावणेदोनला झोपायची आणि साडेतीनपर्यंत उठायची नाही. नऊ महिन्यांच्या पोरीचा तो एवढा एकच नेम मला भरवशाचा वाटायचा, आणि माझा सगळा दिवस त्या पावणेदोन तासांवर टांगलेला असायचा. आधी मी त्या वेळात तिच्याशेजारी आडवी व्हायचे. मग कपड्यांच्या घड्या घालायला लागले. जानेवारीत मी त्या वेळात मेल सर्व्हर उभारायला घेतला.

हे ऐकून लोक हसतात. पण सहा वर्षं मी अंधेरीच्या एका ऑफिसात दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळले आहेत. रिद्धीच्या वेळी सातव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि नोकरी सुटली ती सुटलीच. हाताची सवय मोडू नये हे एक कारण होतं. दुसरं कारण फक्त दर्पणला, माझ्या नवऱ्याला, माहीत होतं. मला रिद्धीला पत्रं लिहायची होती. तिच्या नावाचा पत्ता असावा, त्यावर मी रोज दोन ओळी पाठवाव्यात, आज तुला दुसरा दात आला, आज तू वाळू खाल्लीस, आणि ती वाचायला लागली की सगळी पेटी तिच्या हातात द्यावी. ही पत्रं कुणा परक्या कंपनीच्या कपाटात नकोत. आपलं टपाल आपल्या घरात.

"कर की," दर्पण म्हणाला. "माझा जुना कॉम्प्युटर घे. फक्त मला काही समजावून सांगू नको."

आमचं घर चिंचणीत, किनाऱ्याच्या अंगाला. मागचं दार उघडलं की बोंबील सुकत घालायचे बांबू, त्यापुढे सुरूची झाडं, आणि मग वाळू. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समुद्र आहे की नाही असं वाटावं. डावीकडे लांबवर तारापूरच्या अणुकेंद्राची उंच चिमणी दिसते. माझं माहेर उमरोळीचं, शेतीवाडीचं. तिथून समुद्र काही फार दूर नाही, पण आम्ही त्याच्याकडे पाठ करून राहणारी माणसं. भरती-ओहोटीच्या वेळा मी इथे येऊन शिकले.

घरात आम्ही चौघं. दर्पण बोईसरला एमआयडीसीत, बहुतेक वेळा दुपारपाळीला. मी, रिद्धी, आणि माझ्या सासूबाई जमना. सासरे कमलाकांत आमच्या लग्नाआधीच गेले. दर्पणचा धाकटा भाऊ अंकुश अकरा वर्षांपूर्वी बोटीवर गेला आणि परतला नाही. त्याचा फोटो देवघराशेजारी आहे, त्याला हार नाही. याहून जास्त मला ठाऊक नव्हतं, आणि या घरात त्यावर कुणी बोलत नसे.

मागच्या खोलीत पूर्वी जाळी ठेवत. तिथे मी कॉम्प्युटर मांडायचं ठरवलं. टेबल नव्हतं. माळ्यावर एक जाड, एका टोकाला फुटलेली फळी सापडली, ती दोन पिंपांवर आडवी टाकली. ओल्या फडक्याने पुसली तर धुळीखालून निळा रंग वर आला, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव: हिरादेवी. बोटीचं नाव असणार. मला आमच्या पत्त्यांसाठी एक नाव नोंदवायचंच होतं, ते आयतं मिळालं. मी त्याच दुपारी नोंदवून टाकलं. तेजल अॅट हिरादेवी. रिद्धी अॅट हिरादेवी. मला ते फार गोड वाटलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी फळीच्या फुटक्या टोकावरून हात फिरवला.

"ही खाली कोनी काढली?"

"मी. का हो आई?"

"काय नाय. वर उंदीर कुरतडत व्हते. बरं झालं."

रात्री जेवताना मी दर्पणला नाव सांगितलं. त्याचा घास हातात राहिला.

"दुसरं नाव नव्हतं?"

"का? तुमचीच बोट ना?"

"होती," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

सर्व्हर उभा करायचा म्हणजे खरं तर गावात नवं पोस्ट ऑफिस उघडण्यासारखंच. घराला कायमचा नंबर लागतो, जगातली बाकीची पोस्टं त्या नंबरावरून तुम्हाला ओळखतात. तो नंबर केबलवाल्या रूपेशने दिला. शिडी भिंतीला लावून तो वरून बोलत होता.

"वहिनी, लोकं घरात पापड करतात. तुमी मेल सर्व्हर करता?"

"पापडही करते. देऊ?"

"द्या. नि हा नंबर लिवून ठेवा, कायमचा हाय, बदलनार नाय. पन काय बंद पडला तं मला फोन करू नका, मला त्यातला काय कळत नाय."

पुढचे पंधरा दिवस मी कामात बुडून गेले. लिनक्स चढवलं, टपाल नेणारा-आणणारा प्रोग्राम बसवला, पत्रावर आपला शिक्का उठावा म्हणून किल्ल्या बनवल्या. पहिलं पत्र भावाला पाठवलं तर ते त्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडलं. "ताई, तू लॉटरीवाली झालीस," असा त्याचा फोन आला. मग ते दुरुस्त केलं. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरत राहायचा. सासूबाई म्हणायच्या, "एक पोर निजला का तुजा दुसरा पोर रडाया लागते."

दार उघडलं की भुरटेही येतात. जगभरची यंत्रं नव्या सर्व्हरचं दार वाजवून कचरा आत ढकलायला बघतात. त्यावर एक जुनी युक्ती आहे. अनोळखी यंत्र पहिल्यांदा आलं की त्याला आत घ्यायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. 'आत्ता नाही, थोड्या वेळाने या' असं सांगायचं. कचरा टाकणाऱ्याला थांबायला वेळ नसतो, तो पुढच्या दाराकडे जातो. खरं टपाल आणणारा पाच-दहा मिनिटांनी पुन्हा येतो. मग त्याला आत घ्यायचं.

मी हा नियम लावला त्या दुपारी सासूबाई जवळच बसून सुपात करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होत्या. गंमत म्हणून मी त्यांना समजावून सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"बरोबर हाय. पयल्या हाकेला ओ देवाचा नाय."

"म्हणजे?"

"तुमच्याकडं नाय पालत? भर दुपारची, नायतर दिवेलागणीची भायेरून हाक आली तं गप ऱ्हावाचा. मानूस आसंल तं परत हाक मारील. जो मानूस नाय, तो एकदाच मारते." करंदीवरचा त्यांचा हात थांबला होता. "तुज्या पेटाऱ्याला हा कोनी शिकवला?"

"सगळीकडे वापरतात, आई."

"मंग सगळ्यांनाच म्हाईत हाय," त्या म्हणाल्या, आणि सूप उचलून आत गेल्या.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी त्यांच्याही नावाचा पत्ता काढला. "मला कोन लिवनार, बाय?" त्या म्हणाल्या. पण दोनदा विचारून घेतलं, जमना एवढाच लिवला का आजून काय.

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हरची रोजनिशी वाचत होते. दाराशी कोण आलं, किती वाजता, काय उत्तर दिलं, हे त्यात आपोआप उतरत जातं. तीन वाजून बारा मिनिटांनी कुणीतरी जमना या पत्त्यासाठी पत्र घेऊन आलं होतं. सर्व्हरने नियमाप्रमाणे थोड्या वेळाने यायला सांगितलं होतं.

हा पत्ता मी कुणालाच दिला नव्हता. तो अस्तित्वात येऊन एक दिवस झाला होता.

भुरटे नावं अंदाजाने टाकतात, हे मला माहीत होतं. पण अंदाज म्हणजे ऑफिस, माहिती, विक्री अशी नावं. जमना नाही. आणि पाठवणाऱ्याच्या जागी आमच्याच घराचं नाव होतं. चिंधू अॅट हिरादेवी. समोरच्याचंच नाव लावून यायचं, ही जुनी लबाडी. फक्त चिंधू नावाचं आमच्याकडे कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशीही तेच. तीन बारा. या वेळी मी नीट पाहिलं, तर तो एकदाच येऊन गेला नव्हता. तीन सतराला पुन्हा, तीन तेवीसला पुन्हा, साडेचारपर्यंत पंधरा-सोळा वेळा. दर वेळी सर्व्हरने त्याला 'आत्ता नाही' सांगितलं होतं.

परत आला तर त्याला आत घ्यायला हवं होतं. नियम तसाच आहे. का घेतलं नाही, ते शोधायला मला अख्खी दुपार लागली, आणि रिद्धी उठून रडेपर्यंत मी तिथेच बसले. कारण साधं होतं. सर्व्हर माणसाला नावाने ओळखत नाही, तो ज्या नंबरावरून आला त्या नंबराने ओळखतो. हा दर वेळी नव्या नंबरावरून येत होता. त्यामुळे सर्व्हरच्या लेखी त्याची प्रत्येक हाक पहिलीच होती.

ते नंबर मी तपासले. कुठल्याही देशात, कुठल्याही कंपनीला, ते दिलेलेच नव्हते.

त्याच आठवड्यात बोईसरच्या रस्त्यावर खोदकामात केबल तुटली. दोन दिवस गावात नेट नव्हतं. रूपेशचा फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी जोडणी आली तेव्हा मी रोजनिशी उघडली. दोन्ही दिवस बाकी सगळं कोरं होतं. एक मेल नाही, एक भुरटा नाही. फक्त तीन बारा, तीन सतरा, तीन तेवीस.

मी हिशेबी डोक्याची बाई आहे. यंत्राचं घड्याळ चुकलं असेल, जुन्या नोंदी पुन्हा छापल्या गेल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीनला पाच कमी असताना मी केबल स्वतःच्या हाताने उपटली आणि मांडीवर घेऊन बसले. पंखा घरघरत होता. बाहेर बांबूंवर बोंबील वाऱ्याने एकमेकांवर खुळखुळत होते. खोलीत ओल्या दोराचा वास आला. जाळी इथून निघून कित्येक वर्षं झाली आहेत.

पडद्यावर ओळ उमटली. तीन बारा. चिंधूकडून जमनाला.

माझ्या पावलावर काहीतरी गार पडलं. मी खाली वाकून पाहिलं. फळीच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब धरले होते, मडक्याला धरतात तसे. एक पडला, मग दुसरा. भिंत कोरडी होती. जमीन कोरडी होती. मी एक थेंब बोटावर घेतला आणि बोट जिभेला लावलं.

खारट.

दर्पण निघायच्या तयारीत बुटाची नाडी बांधत होता. आधीची पाळी उशिरा सुटणार होती म्हणून तो त्या दिवशी उशिरा जाणार होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"चिंधू कोण?"

नाडी तशीच राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कोण आहे?"

"अंकुश," तो म्हणाला. "त्याच्या आधी आईची दोन पोरं गेलेली. म्हणून हा झाला तेव्हा आईनं त्याला चिंधू म्हटलं. चिंधीला कोण नजर लावणार? घरात ती एकटीच म्हणायची. तो गेल्यापासून तिनं ते नाव तोंडातून काढलेलं नाय." मग तो उभा राहिला. "आणि ती फळी त्याच बोटीची आहे. बोट गेल्यावर बाराव्या दिवशी किनाऱ्याला लागली. बाबांनी माळ्यावर ठेवली. नाव बघितलं तेव्हाच मी तुला सांगायला पाहिजे होतं."

"आईंना—"

"आईला काय विचारू नको, तेजू. प्लीज."

मी ठरवलं की सगळं पुसून टाकायचं. फळी परत माळ्यावर, कॉम्प्युटर भंगारात. रिद्धीची पत्रं मी वहीत लिहीन.

दुसऱ्या दुपारी रिद्धीला झोपवून मागच्या खोलीत गेले, तर सासूबाई आधीच तिथे बसल्या होत्या. जमिनीवर, फळीला टेकून, एक तळवा फळीवर पालथा.

"बस," त्या म्हणाल्या. "तीन वाजता ही वली व्हते. तू घाबरतंस. मी आठ दिवस बघतेय. काय सांगते तुजा पेटारा?"

दर्पणचं सांगणं मी मोडलं. त्यांना सगळं सांगितलं. चिंधू हे नाव मी उच्चारलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"आज कोनाला पयल्यांदाच सांगतेय," त्या म्हणाल्या. "त्यांना पन बोलले नव्हते. तवा मी मागल्या दारी बोंबील परतत व्हते. आशीच टळटळीत दुपार. बोट दुसऱ्या दिवशी येवाची व्हती. नि पाठून हाक आली. 'आये.' त्याचाच आवाज. वाळूवरून आल्यासारखा."

"मग?"

"मंग काय? ओ माज्या तोंडात व्हता. हितं." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "पन बोट उद्या येनार, नि हा आज कसा? नि पयल्या हाकेला ओ देवाचा नाय. माज्या आयशीनं शिकवलेला. मी गप ऱ्हायले. परत मारील, मंग देईन. मी उभी ऱ्हायले, उभी ऱ्हायले. सूर्य खाली गेला." त्यांचा आवाज कोरडा होता. "परत हाक नाय आली. त्याला वाटला आसंल, आय घरात नाय."

मागच्या दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत आली होती आणि त्यात वाळूचे कण तरंगत होते.

"तुजा पेटारा काय बोलते त्याला?"

"आत्ता नाही, नंतर ये."

"नि तो येते?"

"रोज. पंधरा-सोळा वेळा."

त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. मग पदर खाली घेतला आणि नेहमीच्या, भाजीवालीशी बोलायच्या आवाजात म्हणाल्या, "दार उघड त्याचा."

मी त्यांना समजावलं. नेमक्या एका माणसाला नियमातून वगळता येतं, पण त्याच्या नंबराने. याला नंबर नाही. त्याच्या एकट्यासाठी दार उघडता येत नाही. उघडायचं तर नियमच काढावा लागेल, म्हणजे दार सगळ्यांनाच उघडं.

"मंग काड."

"आई, सगळ्यांना म्हणजे... कोण येईल काय सांगता येतं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत हुकूम नव्हता. अकरा वर्षं एकाच जागी उभं राहिलेल्या बाईची ती नजर होती.

पडद्यावर ओळ उमटली. तीन बारा. फळीखाली पहिला थेंब पडला.

मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पलीकडच्या खोलीत माझी पोर झोळीत झोपली होती. पण मला हेही आठवलं की रिद्धी रडते तेव्हा मी आंघोळ करत असले तर केसांचा साबण तसाच ठेवून बाहेर येते. दोन मिनिटांचा उशीर झाला तरी तिचा हुंदका तासभर जात नाही. कुणी मला सांगितलं असतं की दोन मिनिटं थांब, नियम आहे?

तीन सतरा. आत्ता नाही.

मी नियमाची ओळ शोधली. ती एकच ओळ होती. खोडली. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला.

तीन तेवीस.

स्वीकारलं. जमना यांच्या पेटीत पोचवलं.

मी पेटी उघडली. एकच पत्र. विषय नाही. खाली एकच शब्द होता. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, तो मलाच वाचून दाखवावा लागणार होता. मी श्वास घेतला.

मी तोंड उघडायच्या आधी त्या म्हणाल्या, "ओ."

मोठ्याने नाही. शेजारच्या खोलीतून पोराने हाक मारल्यावर आई हातातलं काम न थांबवता देते, तेवढाच.

मग पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मी खाली हात घालून पाहिलं. फळी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी तीन बाराला कुणी आलं नाही. त्यानंतरही नाही. सासूबाईंनी आठवड्याने दर्पणला सांगून अंकुशच्या फोटोला हार आणवला. दर्पण माझ्याकडे बघत होता, मी भाताला पाणी घालत होते. त्या दुपारच्या झोपायला लागल्या. मी या घरात आल्यापासून त्यांना दुपारी झोपलेलं पाहिलं नव्हतं. घोरायच्यासुद्धा.

आणि त्यांनी एक नवा खेळ सुरू केला. झोळीशी बसून म्हणायच्या, "रिद्धी!" आणि स्वतःच तिच्या वतीने, "ओऽ!" पोर खिदळायची. "आमच्या पोरीला पयल्या हाकेला ओ देवाला शिकवनार," त्या म्हणायच्या. "आता ह्या घरात कोनाची पयली हाक वाया जावाची नाय."

नियम मी परत लावायला हवा होता. आज लावते, उद्या लावते, असं करत राहिले. कचरा यायचा, तो हाताने काढून टाकायचे. खरं सांगायचं तर ती ओळ परत लिहिताना मला सासूबाईंचा चेहरा आठवायचा. असे सहा आठवडे गेले.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सासूबाई बोईसरला बाजाराला गेल्या होत्या. दर्पण पाळीवर. मी स्वयंपाकघरात डबे पुसत होते आणि रिद्धी त्या दिवशी लवकर उठून चटईवर बसली होती, हातात लाकडी चमचा. तिची माझ्याकडे पाठ होती. तोंड मागच्या दाराकडे. दाराला कडी होती.

तिने चमचा खाली ठेवला. मान किंचित वाकडी केली.

"ओ," ती म्हणाली.

इतकं स्पष्ट, इतकं गोड. तिचा पहिला शब्द. मी डबा टाकून धावले, तिला उचलली, तिचे मुके घेतले, तिला घेऊन घरभर नाचले. हे लिहायलाच हवं होतं, तिला, आजच्या आज. तिला कडेवर घेऊनच मी मागच्या खोलीत गेले आणि तिची पेटी उघडली.

माझ्या सगळ्या पत्रांच्या वर एक पत्र होतं, जे मी लिहिलेलं नव्हतं. आत एकच शब्द.

रिद्धी.

पाठवणाऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. चिंधूचं नाव नव्हतं. वेळ तीन बारा.

मी एका हाताने नियमाची ओळ परत लिहिली. तीनदा चुकले. घरात कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना तर नाहीच. त्या रात्रभर शांत झोपतात.

तेव्हापासून रिद्धी साडेतीनपर्यंत झोपत नाही. तीन वाजून बारा मिनिटांनी उठते. रडत नाही. मागच्या दाराकडे बघते आणि मान वाकडी करते. मी त्याआधीच तिच्याजवळ बसून असते. तिच्या दोन्ही कानांवर माझे तळवे ठेवते, आणि तिचे ओठ हलायच्या आत मीच म्हणते, "ओ." कुणी असेल त्याला आई घरात आहे हे कळावं. माझी 'ओ' घ्यावी आणि जावं.

रोजनिशीत तीन आठवडे काही नव्हतं. काल होतं. तीन बाराला रिद्धीसाठी कुणी आलं. सर्व्हरने नियमाप्रमाणे थोड्या वेळाने यायला सांगितलं. तीन सतराला तो पुन्हा आला, त्याच नंबरावरून, आणि सर्व्हरने नियमाप्रमाणे त्याला आत घेतलं.

नंबर शोधावा लागला नाही, मला तो पाठ आहे. रूपेशने शिडीवरून सांगितलेला, कायमचा. आमच्याच घराचा.

आज तीन वाजून बारा मिनिटांनी मी रिद्धीच्या कानांवर हात ठेवले आणि 'ओ' म्हटलं. तिने मागच्या दाराकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, आणि ओळखीचं हसली.